सत्तेचाळीस नंबरची बाटली

मगदूम सरांचा तास म्हणजे नववीच्या पोरांना फुकटचा सिनेमा. पुस्तक उघडायची सरांना सवयच नव्हती. कुणी लिंबू आणायचं, कुणी राख, कुणी जास्वंदीची फुलं, आणि सर टेबलापाशी उभे राहून बाह्या सरसावायचे. फळ्यावरची समीकरणं पोरं दारातच विसरायची, पण सरांनी कुणाची कशी फिरकी घेतली हे मात्र घरी जेवताना सगळ्यांना सांगायची. सरांना हे ठाऊक होतं. आपल्याकडं बघणारे आहेत असं कळलं की माणूस जरा जास्तच रंगतो, तसे तेही रंगायचे.

श्रेयस मगदूम, वय चौतीस, राहायला कोल्हापुरात आणि नोकरीला कळंब्याच्या पुढं आठ किलोमीटरवरच्या गावात. रोज मोटरसायकलवरून जाऊन येऊन. गाव दुधाचं. घरटी दोन म्हशी ठरलेल्या, आणि सकाळ-संध्याकाळ देवळापुढं नसेल एवढी गर्दी डेअरीपुढं. म्हणून आम्ल आणि आम्लारीचा धडा आला तेव्हा सरांनी लिंबू-बिंबू बाजूला ठेवलं आणि घरून आदल्या दिवशीचं, आंबायला लागलेलं दूध घेऊन आले.

दोन परीक्षानळ्यांत दूध ओतलं. एकीत काही नाही, दुसरीत खाण्याचा सोडा. दोन्ही स्पिरिटच्या दिव्यावर धरल्या. पहिलीतलं दूध फाटलं, चोथा वर आला. दुसरीतलं ताज्या दुधासारखं गुण्यागोविंदानं उकळलं. पोरांनी बाकं वाजवली.

"दुधात लॅक्टिक आम्ल तयार झालं म्हणून ते आंबट," सर म्हणाले. "सोडा आम्लारीच्या गुणाचा. दोघांची गाठ पडली की याची खोड मोडली, त्याचीही मोडली. ह्याला म्हणायचं उदासिनीकरण. लिहून घ्या."

दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "सर, सोडा किती घालायचा?"

"चिमूटभर."

मागच्या बाकावरून एक आवाज आला, "सर, मग हे डेअरीत चालतंय काय?"

इथं सरांनी साधं 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरांचं काम. पण सगळा वर्ग तोंडाकडं बघत होता, आणि टाळीचं वाक्य जिभेवर आयतं आलं होतं. "कळलं तर न्हाय चालत," सर म्हणाले, "आणि न्हाय कळलं तर पळतंय!"

वर्ग फुटला. तेवढ्यात घंटा झाली. सांगायचं बरंच राहिलं होतं. आंबटपणा जातो पण त्याच्या बदल्यात तयार झालेला क्षार दुधातच राहतो, हे राहिलं. आम्ल असेल तेवढ्याच मापानं आम्लारी लागतं, जास्त झालेलं तसंच उरतं, हे राहिलं. दुधात सोडा घालणं ही भेसळ आहे आणि डेअरीत ती पकडायचे थेंब असतात, हेही राहिलं. उद्या सांगू म्हणून सरांनी डस्टर उचललं. दुसऱ्या दिवसापासून विज्ञान दिनाची तयारी सुरू झाली आणि तो उद्या आलाच नाही.

दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीचं नाव प्रियदर्शनी. घरात सगळे पियू म्हणायचे. वडील कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्टला, आई आक्काताई दोन म्हशींचं सगळं करायची. मुलगी हुशार, आणि हुशारीपेक्षा अवघड गोष्ट म्हणजे ऐकलेलं करून बघणारी. विज्ञान दिनाच्या प्रयोगासाठी सरांनी जी पाच मुलं निवडली होती त्यात तिचा नंबर पहिला.

त्या आठवड्यात आक्काताई नेसरीला भावाच्या नातवाच्या बारशाला गेली होती. दोन दिवस धारा काढायचं आणि डेअरीत दूध घालायचं काम पियूवर. बुधवारी संध्याकाळी ती सव्वापाचला पळत घरी गेली, धारा काढल्या आणि डेअरी उघडायच्या आतच पुन्हा पळत शाळेत आली, कारण सरांनी तालीम ठेवली होती. सात वाजून गेले तशी ती चुळबुळायला लागली.

"सर, मी जातो. डेअरी साडेसातला बंद हुती."

"थांब गं. तुझंच पाठांतर राहिलंय. एक दिवस दूध न्हाय घातलं तर म्हस काय मोर्चा काढत न्हाय."

सगळे हसले, तीही हसली. पावणेआठला सर मोटरसायकलला किक मारून कोल्हापूरला गेले, आणि ती डेअरीच्या बंद शटरवरून घरी गेली. सात लिटरची किटली घरातल्या फ्रीजमध्ये मावत नव्हती. तिनं ती पाण्याच्या घमेल्यात ठेवली. फेब्रुवारी सरत आला होता, उकाडा चढला होता, आणि वडिलांना रात्रपाळी.

सकाळी झाकण काढलं तर वास बदललेला. तिनं पळीभर दूध गॅसवर धरलं, फाटलं. मग डब्यातला सोडा काढला. चिमूटभर घातला आणि ढवळून पुन्हा पळीत तापवून बघितलं, तरी थोडं फाटलं. आणखी घातला. चमचाभर झाला असेल, दीड झाला असेल. मग मात्र दूध छान उकळलं. वास गेला. तिला काय आनंद झाला असेल ते प्रयोग जमलेल्या माणसालाच कळेल. सकाळची धार त्यात मिसळून तिनं किटली डेअरीत नेऊन दिली आणि शाळेच्या फाटकात सरांना गाठलं.

"सर, परयोग जमला! रातचं दूध आंबलंतं. सोडा घातला, जरा बी फाटलं न्हाय!"

सरांचं लक्ष मोबाइलवर होतं. हेडमास्तरांचा मेसेज वाचत ते म्हणाले, "शाब्बास! हे खरं विज्ञान."

त्याच दिवशी दुपारी सगळ्या गावाचं दूध परत आलं. दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर तपासणीत सोडा सापडला होता. कॅनच्या कॅन गटारात ओतले, आणि तो पांढरा ओघळ बघायला गाव जमलं. म्हशी ज्यांच्या दावणीला आहेत त्यांनाच कळेल ते बघणं काय असतं. दोन-चार बायका तर तोंडाला पदर लावून रडल्या.

डेअरीतला टेस्टर केरबा. पन्नाशी ओलांडलेला, दहावी नापास, पांढरी टोपी, आणि बावीस वर्षांत एक दिवस रजा नाही. त्याची एक जुनी खोड होती. प्रत्येक सभासदाच्या दुधातलं दोन घोट दूध नंबर लिहिलेल्या छोट्या बाटलीत काढून संध्याकाळपर्यंत फडताळात ठेवायचं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याबद्दल सगळे त्याची चेष्टाच करायचे. त्या दुपारी त्यानं एकशेबारा बाटल्या मांडल्या. प्रत्येकीतलं थोडं दूध नळीत, तेवढंच स्पिरिट, आणि वर रोझॅलिक आम्लाचे चार थेंब. चांगलं दूध तपकिरी होतं, सोड्याचं गुलाबी. एकशेअकरा नळ्या तपकिरी झाल्या. सत्तेचाळीस नंबरची गुलाबी झाली. सत्तेचाळीस म्हणजे आक्काताई.

सरांना हे शुक्रवारी शिपायाकडून कळलं. तो चहा देत सहज सांगत होता, आणि सरांनी कप तसाच खाली ठेवला. फाटकातलं ते 'शाब्बास' आता कुठं त्यांच्या कानात शिरलं. आपण काय ऐकलं होतं आणि कशाला शाबासकी दिली होती, सगळं एकदम. मधल्या सुट्टीत त्यांनी पियूला प्रयोगशाळेत बोलावलं. पोरीचे डोळे सुजले होते.

"आईला सांगितलंस?"

"न्हाय. आय नेसरीसनं आली तसं तिला लोकांनी घेरलं. तिनं मला इचारलं, कायतरी घातलंस काय गं? मी न्हाय म्हनलो." ती रडायला लागली. "सर, तुम्हीच दावलं की. आता सांगू काय?"

मुलगी विचारत होती आणि सरांच्या डोळ्यांपुढं दुसरंच चाललं होतं. डेअरीचे चेअरमन बाळासो हे शाळेच्या कमिटीवर. 'मास्तरनं वर्गात दुधात सोडा घालायला शिकवलं' हे वाक्य गावात फिरलं की पुढं काय होईल, याचा हिशोब मनात झाला. त्या हिशोबात पोरगी नव्हती, तिची आई नव्हती, फक्त श्रेयस मगदूम होते.

"सांगू नको," सर म्हणाले. "गप्प राहा. मी बघतो काय करायचं."

तिनं मान हलवली. सरांवर तिचा विश्वास होता. तोच विश्वास सरांना दिवसभर कॉलरच्या आत चावत राहिला.

आक्काताईचं म्हणणं एकच. माझ्या घरातनं असलं काम झालेलं नाही. निम्मं गाव तिच्या बाजूनं झालं, कारण वीस वर्षांत तिच्या दुधाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मग वड्याचं तेल वांग्यावर निघायला लागलं. केरबानंच बाटल्यांची अदलाबदल केली असेल, त्यालाच आता नीट दिसत नसेल, असं लोक बोलायला लागले. बाळासोंनी रविवारी सभा ठेवली आणि सरांना फोन केला.

"सर, तुम्ही केमिस्ट्रीचं मानूस. म्होरं बसून खरं-खोटं तेवढं करून द्या. तुमी सांगशिला ते गाव ऐकंल."

रविवारी डेअरीच्या हॉलमध्ये सरांना चेअरमनशेजारची खुर्ची. पुढ्यात चहा, बशीत बिस्किटं. केरबा कोपऱ्यात बाटल्यांचं फडताळ धरून उभा, म्हाताऱ्यानं लेकरू धरावं तसा. बायकांच्या घोळक्यात पियू आईच्या मागं बसलेली.

कुणीतरी म्हणालं, आक्काताईनं शपथ घ्यावी. ती म्हणाली, शपथ कशाला, बेल-भंडारा उचलतो. बिरोबाच्या देवळातनं ताट आलं. त्या गावात बेल-भंडारा उचलणं म्हणजे शेवटचा शब्द. त्याच्यावर पोलीस नाही, कोर्ट नाही. आणि खोट्यानं उचलला तर त्या घरची चूल देवानं विझवली, अशी लोकांची पक्की खात्री.

सरांनी ह्या वेळी उठायला हवं होतं. त्यांना ते कळत होतं, अगदी स्पष्ट कळत होतं. आक्काताई पदर खोचून ताटाकडं गेली, वाकली, एका हातात बेलाचं पान आणि दुसऱ्या हातात भंडारा घेतला. एवढ्या वेळात तीन वेळा उठता आलं असतं. पियू मान ताठ करून सरांकडं बघत होती. सर बिस्किटांकडं बघत होते.

"माझ्या घरातनं दुधात काय घातलं गेलं असंल," आक्काताई खणखणीत आवाजात म्हणाली, "तर माझ्या घराचं वाटुळं हू दे."

भंडारा तिनं कपाळाला लावला. मग बाळासोंनी सत्तेचाळीस नंबरची बाटली आणि रोझॅलिक आम्लाची बाटली सरांपुढं ठेवली.

दूध चार दिवसांचं होतं, पार नासून दही-पाणी झालेलं. रसायनाच्या बाटलीवर तारीख होती. मुदत संपायला अजून सात महिने होते. सरांनी बाटली उचलली ती नेमका अंगठा त्या तारखेवर ठेवून. मग ते बोलले, आणि वर्गात बोलायचे त्याच भारदस्त आवाजात बोलले.

"शिळ्या दुधावर ही परीक्षा होत नाही. त्यात हे रसायन उघडं राहिलं असेल तर रंगावर भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळं शास्त्रीयदृष्ट्या काहीच सिद्ध होत नाही."

पहिलं वाक्य खरं होतं. केरबानं परीक्षा त्याच दिवशी, ताज्या दुधावर केली होती, हे सरांनी मुद्दाम गिळलं. अर्धं खरं सांगायला शिकलेलं माणूसच लागतं. अडाण्याचं खोटं लगेच पकडलं जातं.

"म्हंजे केरबाचं चुकलं," बाळासो म्हणाले.

सरांनी चहाचा कप उचलला. केरबानं फक्त सरांकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, एखाद्या पोराला गणित चुकल्याचं सांगितल्यावर ते बघतं तसं होतं. संध्याकाळी त्याच्याकडून फडताळाची किल्ली काढून घेतली, आणि बावीस वर्षांनी केरबा घरी बसला.

गावाला निकाल पटला. पियूची आई सुटली, पियू सुटली, सर तर कशात अडकलेच नव्हते. सगळ्यांचं भलं झालं, एकट्या केरबाचं सोडून, असं सर स्वतःला समजावायचे. पण खाई त्याला खवखवे. मंगळवारी आक्काताईनं पियूच्या हातून घरच्या तुपाची बरणी पाठवली. "आय म्हनली, सरांनी आमची अब्रू राखली." पोरगी बरणी टेबलावर ठेवून, वर न बघता गेली. वर्गात आता ती हात वर करत नव्हती.

तूप घरी आलं. सरांची बायको आदिती म्हणाली, "किती रवाळ आहे, भातावर घ्या की." सरांनी घेतलं आणि पहिल्याच घासाला ताट बाजूला सारलं. पोटात दुखतंय म्हणाले. आदितीनं ओवा दिला. बायकोला सांगावं असं शंभर वेळा वाटलं, पण तिच्या तोंडून 'अहो, असं कसं केलंत' हे ऐकायची छाती नव्हती. ते स्वतःलाच रोज विचारून झालं होतं.

पुढच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटून दुपार उलटल्यावर, सर प्रयोगशाळा बंद करत होते. पियू आणि ते दोघंच. विज्ञान दिन होऊन गेला होता आणि ती नळ्या धुऊन ठेवत होती. दारात केरबा उभा. धुतलेला शर्ट, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी.

"सर, येळ हाय काय जरा?"

"या की. बसा."

तो खुर्चीवर बसला नाही. पोरांच्या बाकावर बसला, गुडघे बाकाला टेकवून. पिशवीतनं त्यानं दोन दुधाच्या बाटल्या काढल्या, रसायनाची बाटली काढली आणि दुरेघी वही काढली.

"कागलकडं एक डेअरी हाय, तितं काम मागायला जानार हाय. पर म्हनलं, आदी सरांकडनं शिकून घ्यावं. मी बावीस वरसं ह्ये थेंब टाकतोय. कवा चुकलं न्हाय असं वाटायचं. तुमी सांगितलासा तवा कळलं, की चुकतंय. आता कुटं चुकतंय तेवडं दावा. दुसऱ्या गावात पुना कुनाच्या बायामानसावर आळ नगो याय."

सरांना वाटलं, ह्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं. हा वही उघडून, पेनाचं टोपण काढून बसला होता.

काहीतरी करायचं म्हणून सरांनी खडू घेतला. आम्ल म्हणजे काय, आम्लारी म्हणजे काय, दर्शक कशाला म्हणतात, थेंबाचा रंग का बदलतो, सगळं सांगितलं. ह्या वेळी एकही विनोद सुचला नाही. वर्गात सांगायचं राहिलेलं तेही आज सांगितलं. आम्लाला पुरून उरलेला सोडा दुधात तसाच राहतो, आणि हे थेंब त्या उरलेल्याला पकडतात. केरबा एकेक अक्षर वहीत उतरवत होता. नळ्या धुणारे हात मागं थांबले होते.

"आता तुम्ही करून दाखवा," सर म्हणाले.

एका बाटलीत केरबाच्या घरचं साधं दूध होतं, दुसऱ्यात त्यानंच सोडा घालून आणलेलं. त्यानं नळ्या दोनदा विसळल्या. दूध डोळ्यांसमोर धरून मापलं. तेवढंच स्पिरिट घातलं. मग श्वास रोखून थेंब मोजले, एक, दोन, तीन, चार. प्रत्येक नळीनंतर ड्रॉपर धुतला. सरांच्या बारा वर्षांच्या नोकरीत एवढ्या स्वच्छ हातानं प्रयोग करणारा विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता. एक नळी तपकिरी झाली. दुसरी गुलाबी.

"कुटं चुकलं, सर?"

"नाही चुकलं," सर म्हणाले. "काही नाही चुकलं."

"मग त्या दिवशी? रसायन जुनं झालतं म्हनून?"

"तेही जुनं नव्हतं."

केरबाला उमगायला वेळ लागला. माणूस सरळ होता. सरांनी खोटं बोलायचं काही कारण असेल हे त्याच्या हिशोबात बसत नव्हतं. सर पुढचं वाक्य जुळवत होते. कुठून सुरुवात करावी, स्वतःला किती सांभाळावं, पोरीचं नाव घ्यावं की नको. एवढं सगळं जुळेपर्यंत मागून आवाज आला.

"काका, मी घातलता सोडा. आय नेसरीला गेलती. तिला म्हाईत न्हाय."

पियू बेसिनपाशी उभी होती. हात ओलेच होते. वाक्य तिनं पुरं केलं होतं. चौदा वर्षांच्या पोरीनं ते एका दमात सांगितलं. चौतीस वर्षांचे सर आठ दिवस शब्द शोधत होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी दाखवलं होतं तिला," सर म्हणाले. "वर्गात. आणि सांगू नको असंही मीच म्हणालो. सभेत खोटं बोललो तेही मीच. सगळं माहीत असून."

केरबानं वही मिटली. बाटल्यांना बुचं लावली, एकेक पिशवीत ठेवली. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"हितंच ऱ्हाऊ दे ह्ये," तो शेवटी म्हणाला. "आक्काताईनं बेल-भंडारा उचललाय. आता खरं भाईर पडलं तर गाव म्हनंल, हिनं खोटी शपत घेतली. ती बाय झोपायची न्हाय जल्मभर. माझं काय, मी कागलला जातो. हात चालतोय तवर काम मिळतंय." मग तो उठला आणि पियूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "रडू नगंस. थेंब बरोबर हुतं, एवडं कळलं. बास झालं."

तो गेला. ज्याचं नुकसान केलं तोच माफ करून गेला होता, वर सुटायची वाटही दाखवून गेला होता. सरांनी गप्प राहायचं, एवढंच. पाच मिनिटं सर त्या वाटेकडं बघत राहिले, खोटं कशाला बोला. मनात आलंच, की केरबाच म्हणतोय तर काय हरकत आहे.

"सर," पियू म्हणाली, "मी आयला सांगनार. तुमी येनार न्हायसा काय?"

"येतो," सर म्हणाले.

आक्काताई गोठ्यात शेण भरत होती. सरांना बघून तिनं हात धुतले, खुर्ची आणायला वळली. पियूनं तिथंच, म्हशीच्या दावणीपाशी, सगळं सांगितलं. सर मधे बोलायला लागले तर आक्काताईनं हातानंच थांबवलं. तिला पोरीच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकून झाल्यावर तिनं पोरीला मारलं नाही, ओरडली नाही. ती मटकन खाली बसली. कपाळाला हात लावला, आणि लावला तसा काढून तळहाताकडं बघितलं, अजून तिथं भंडारा असावा तसं. मग उठली, पायात चप्पल न घालता चालायला लागली. सर आणि पियू मागून.

डेअरीत संध्याकाळची रांग होती. फॅट मशीनपाशी बाळासो स्वतः बसले होते. आक्काताई रांग सोडून सरळ पुढं गेली.

"चेअरमन, केरबाला बलवून घ्या. त्येचं बरोबर हुतं. माझ्या पोरीनं सोडा घातलता. मला ठावं नव्हतं, पर घर माझंच हाय. माझी शपत खोटी ठरली." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "द्येवाचं मी बघतो. मानसाचं हितं सांगतो."

रांगेत कुजबुज उठली. किटल्या खाली ठेवल्या गेल्या. सर पुढं झाले. येताना वाटेत त्यांनी मनात बरंच रचलं होतं, पण त्यातलं काही आठवलं नाही.

"पोरीनं माझ्या वर्गात बघून केलं," ते म्हणाले. "मी चेष्टेवारी नेलं. तिनं त्याच दिवशी मला सांगितलं होतं, मी शाब्बास म्हणालो. सभेत मला सगळं माहीत होतं. केरबाची परीक्षा खरी होती. मी खोटं बोललो, माझ्यासाठी."

मास्तर खोटं बोलतो हे गावाला ऐकायचं नव्हतं. बाळासोंनीच सावरायचा प्रयत्न केला. उठून त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ द्या सर. तुमी पोरीला वाचवायसाठी केलासा. मोठं मन लागतंय त्येला. एका केरबाचं काय, त्येला उद्या बलवून घिऊ. तुमी मनाला लावून घिऊ नगा."

दोन-चार माना हलल्या. कुणी म्हणालं, खरं हाय, सरांनी पोरीसाठी केलं. सरांना क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली. ते काही बोलणार तोच आक्काताई वळली. इतका वेळ तिनं सरांकडं बघितलंच नव्हतं. आता बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं तिनं विचारलं.

"सर, मी भंडारा उचलला तवा तुमी म्होरंच बसलतासा की वो."

बाळासोंचा हात सरांच्या पाठीवरून निघाला. सगळी रांग सरांच्या तोंडाकडं बघत होती.

"होय," सर म्हणाले. "बसलो होतो."